बाटलीतला धूर

हायवेच्या कुठल्याही ढाब्यावर हल्ली पाटी दिसते : 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी'. पाटीवर नऊवारीतली बाई, हातात फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली. ज्या चुलीपासून सुटका व्हावी म्हणून आपल्या आया-आज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली, तिच्याच धुराच्या वासाला आता चार पैसे जास्त मोजायचे! मला वाटायचं, हे खूळ आपल्याकडचंच. पण धुराला पैसे मोजणारी माणसं सातासमुद्रापलीकडेही आहेत आणि फार पूर्वीपासून आहेत, हे मला कळलं ते भलत्याच वाटेनं. व्हिस्कीच्या.

मैत्रिणींनो, दचकू नका. आपल्या पानावर हा विषय कुठून आला, असं तुम्हाला वाटणारच. बचत गटांचं काम करता करता दोन गावांत 'आडवी बाटली'च्या मतदानासाठी उंबरे झिजवलेली मी बाई. दारूनं संसाराची काय दशा होते ते मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय. पण विषय माझ्याकडे चालून आला तो आमच्या धाकट्या भावोजींमुळे. ते बरीच वर्षं जहाजावर होते, आता निवृत्त होऊन गावी राहतात. एके दिवशी म्हणाले, "वहिनी, तुम्ही गॅसच्या शेगडीपासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळ्याची चौकशी करता. मला एक स्कॉच शोधून द्या. ग्लासगोला प्यायलो होतो तशी, धुराच्या वासाची. पण परवडणारी. अडीच हजारांच्या आत. वर्षाला दोन बाटल्या लागतात मला, जास्त नाही."

आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र हो म्हटलं. आपल्याकडे कसं असतं, बाटली घरात येते, तिचे पैसे घरातूनच जातात, पण तिच्यात काय आहे हे बाईनं विचारायचं नाही. तेलाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं आपण चष्मा लावून वाचतो, मग हिच्यावरची का वाचू नयेत?

आधी हा धूर दारूत जातो कसा, तेच मला समजेना. आपण वरणाला किंवा वांग्याच्या भरताला धुंगार देतो : पेटता कोळसा वाटीत, वर तुपाची धार, आणि पटकन झाकण. तसं काही करत असतील अशी माझी समजूत. पण तसं नाही. तिथं धूर येतो तो अगदी पहिल्या पायरीला, धान्य वाळवताना.

बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण काय करतो? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची. माल्ट व्हिस्कीची सुरुवात थेट अशीच होते. धान्य फक्त जव, म्हणजे बार्ली. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करायची ताकद तयार होते, आणि तेवढ्यात मोड थांबवायला दाणा वाळवावा लागतो. आपल्याकडे गच्चीवर ऊन आहे. स्कॉटलंडात कुठलं आलंय ऊन! तिथं भट्टीच पेटवावी लागते आणि भट्टीला जळण लागतं. डोंगराळ भागात आणि बेटांवर झाडं जेमतेम. पण दलदलीच्या जमिनीत कुजलेल्या शेवाळाचे, गवताचे थर साचलेले असतात. त्याला 'पीट' म्हणतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे हातभर थर साचायला पाचेकशे वर्षं लागणार. उन्हाळ्यात हा थर लांब फाळाच्या कुदळीनं विटांसारखा कापायचा, रचून वाळवायचा आणि जाळायचा. आपल्या गोवऱ्याच म्हणा ना. घरची चूलही त्यावरच आणि जवाची भट्टीही त्यावरच. दाणा ओला असतो तेव्हा तो धूर धरतो, एकदा वाळला की फारसा धरत नाही. आणि एकदा धरलेला धूर असा चिवट, की पुढे धान्य दळलं, गरम पाण्यात कालवलं, आंबवलं, तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळून वाफेचा अर्क काढला, तो अर्क वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरवला, तरी जात नाही.

म्हणजे बघा, चवीसाठी कुणी धूर घातलेलाच नव्हता. दुसरं जळण नव्हतं म्हणून तो आला. गरिबाच्या घरचा धूर तो! स्कॉटलंडच्या बेटांवरचे जुने फोटो मी पाहिले. पाठीला वेताची पाटी बांधून पीट वाहून आणणाऱ्या बाया. पाठीवर ओझं आणि हात रिकामे आहेत म्हणून चालता चालता लोकरीचं विणकाम! सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन घाट उतरणाऱ्या आपल्या बाया मला आठवल्या. जगात कुठंही जा, बाईचे रिकामे हात कुणाला बघवत नाहीत, तिला स्वतःलासुद्धा.

हे सगळं मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितलं. तिथल्या निम्म्या जणींकडे उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आहे. २०१६ साली योजना आली तेव्हा फॉर्म भरायला मीच बसले होते. पण सिलिंडर पुन्हा भरायचा तर पैसे जमवावे लागतात, म्हणून पावसाळ्यात पाणी तापवायला आणि भाकरीला चूल आहेच. धुरासाठी माणसं अडीच हजार रुपये देतात हे ऐकल्यावर एक आजी खोकता खोकता हसायला लागल्या. म्हणाल्या, "ताई, त्यास्नी आमच्या घरी पाठवा. धूर फुकाट हाय." सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांचा तो खोकला मात्र चाळीस वर्षांच्या चुलीचा आहे.

आता त्या बेटाकडे वळते. धुराच्या व्हिस्कीसाठी सगळ्यात नावाजलेलं बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे आणि त्याचं नाव चक्क 'आयला'. मी फोनवर दोनदा म्हटलं तर यजमान वर्तमानपत्रातून डोकं काढून बघायला लागले. लागाव्हुलिन, आर्डबेग, कूल ईला हे तिथलेच कारखाने आणि लफ्रॉइगही तिथलाच. या लफ्रॉइगची गोष्ट आपल्या पानावर यायलाच हवी.

१९३४ च्या उन्हाळ्यात बेसी विल्यमसन नावाची एक मुलगी तिथं टायपिस्टच्या हंगामी नोकरीवर आली. वय चोविशीच्या आसपास, ग्लासगो विद्यापीठाची पदवीधर. काम होतं तीन महिन्यांचं. मालक इयन हंटर हा जरा संशयी गृहस्थ. कारखान्यातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून जपणारा. पण या मुलीचं काम त्याला पटलं आणि ती राहिलीच. १९३८ मध्ये हंटरला पक्षाघाताचा झटका आला आणि कारभार हळूहळू तिच्याकडे आला. मग महायुद्ध. लष्करानं कारखान्यातली जागा घेतली, तेही तिनं निभावलं. हंटरला मूलबाळ नव्हतं. १९५४ मध्ये तो गेला तेव्हा मृत्युपत्रात कारखाना बेसीच्या नावे होता. स्कॉच कारखान्याची मालकी आणि कारभार दोन्ही हातात असलेली बाई विसाव्या शतकात दुसरी शोधावी लागेल. पुढे कारखाना सुधारायला पैसा हवा म्हणून तिनं साठच्या दशकात टप्प्याटप्प्यानं भाग विकले, तरी कारभार बघत राहिली आणि १९७२ मध्ये निवृत्त झाली. तीन महिन्यांसाठी आलेली पोरगी अडतीस वर्षं राहिली!

परवडणाऱ्या बाटलीशी तिचा काय संबंध, असं विचाराल. आहे, आणि जवळचा आहे. तिच्या काळात बेटावरची बहुतेक व्हिस्की स्वतःच्या नावानं विकली जातच नसे. ती घेत मिश्रण करणारे व्यापारी. धुरकट माल्ट म्हणजे आमटीतला हिंग. नुसता कोण खाणार? पण चिमूटभर पडला की भांडंभर आमटी बदलते. या हिंगासाठी भांडणंही झाली. बेसी यायच्या आधी, १९०७-०८ च्या सुमाराला, शेजारच्या लागाव्हुलिनच्या पीटर मॅकी यांच्याकडून लफ्रॉइगचा माल विकण्याचा हक्क गेला. ते 'व्हाइट हॉर्स' या मिश्रणाचे मालक. रागावून त्यांनी लफ्रॉइगचं पाणीच अडवलं. कोर्टानं पाणी सोडायला लावलं, तर त्यांनी आपल्याच आवारात लफ्रॉइगसारखी भट्टी बांधून तशीच व्हिस्की काढायचा घाट घातला. चव काही तशी आली नाही. बांधावरून कोर्टात जाणारे भाऊबंद फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

हे मिश्रण म्हणजेच 'ब्लेंडेड' स्कॉच. स्वस्ताईचं रहस्य इथंच आहे. नुसत्या मोड आलेल्या जवाची माल्ट व्हिस्की तांब्याच्या भांड्यात घाण्यासारखी एकेक घाणा काढावी लागते. वेळखाऊ आणि महाग. १८३० मध्ये एनियस कॉफी नावाच्या आयरिश माणसानं उंच खांबासारख्या भट्टीचं पेटंट घेतलं. तिच्यातून गव्हाची, मक्याची सौम्य व्हिस्की अखंड, भरपूर आणि स्वस्त निघायला लागली. मग या सौम्य व्हिस्कीत चवीपुरती माल्ट मिसळायची. आणि मिसळणारे कोण? किराणा दुकानदार! किलमारनॉकच्या जॉन वॉकरनं वडिलांच्या मागे शेती विकून १८२० मध्ये किराणा दुकान टाकलं, ते पुढे 'जॉनी वॉकर' झालं. ग्लासगोच्या विल्यम टीचरची सुरुवातही किराणा दुकानातच झाली. आपल्याकडे चहाच्या डेपोत ममरी आणि भुकटी मिसळून 'फॅमिली मिक्श्चर' देतात ना, तोच हा धंदा. प्रत्येक वेळी चव तीच आली पाहिजे आणि भाव गिऱ्हाइकाला झेपला पाहिजे.

वॉकरच्या घराण्याशी जोडलेली एक सासू-सुनेची गोष्टही सांगून टाकते. कार्डूच्या शेतावर हेलन कमिंग चोरून व्हिस्की गाळायची. अबकारी अधिकारी गावात आले की मुक्कामाला तिच्याच घरी, कारण जवळ खानावळ नाही. ही त्यांना आग्रहानं जेवू घालायची आणि मागच्या बाजूला लाल बावटा फडकवून शेजाऱ्यांना सावध करायची. आंबवणाचा वास आलाच तर हात पिठानं माखलेले : पाव करतेय हो! १८२४ मध्ये त्यांनी रीतसर परवाना घेतला. तिच्या मागून सून एलिझाबेथनं, नवरा गेल्यावर, कारखाना नव्यानं बांधला आणि १८९३ मध्ये तो वॉकर कंपनीला विकताना आपला मुलगा संचालक राहील याचीही तजवीज केली. अशी सून मिळाली म्हणून हेलनबाई काय म्हणाल्या असतील कोण जाणे.

तर आता शोध. एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. बाटलीवर '१२ वर्षं' लिहिलेलं असतं, म्हणजे तिच्यातला सगळ्यात कोवळा थेंबही बारा वर्षं पिंपात मुरलेला. पिंपातून दरवर्षी शेकडा दोन टक्क्यांच्या आसपास माल हवेत उडून जातो आणि जागेचं, पिंपाचं भाडं चढत राहतं, म्हणून जुनी व्हिस्की महाग. ज्यावर वर्षं लिहिलेली नाहीत ती निदान तीन वर्षांची असतेच, तसा तिथला कायदा आहे. पण धुराचं गणित उलटं आहे. मुरत जाते तसा धूर मवाळ होतो. म्हणजे धूरच हवा असेल तर वयाचे पैसे मोजायची गरजच नाही! भावोजींना हे सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, अर्धे पैसे तर इथंच वाचले."

मग आम्ही तालुक्याच्या दुकानात गेलो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं दारू घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो, व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. परवाना भावोजींचा, पिशवी माझी. मला बघून जाळीपुढची गर्दी दोन पावलं मागे सरकली. काउंटरवरच्या मुलानं घाबरून विचारलं, "ताई, आज मोर्चा आहे का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, बाटल्या खाली काढ, वाचायच्यात."

आणि खरंच वाचल्या. तुम्हाला सांगते, तिथं तीन जाती आहेत. पहिलीवर स्कॉटलंडचा किल्ला, घोडा, इंग्रजी साहेबाचं नाव, सगळं असतं, पण बारीक अक्षरात व्हिस्की भारतीय. आपल्याकडच्या पुष्कळ व्हिस्क्यांचा पाया उसाच्या मळीतून काढलेल्या अल्कोहोलचा असतो, त्यात थोडी माल्ट. काहींत थोडी खरी स्कॉचही घालतात आणि तेवढंच मोठ्या अक्षरात लिहितात. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. दुसरी जात म्हणजे स्कॉटलंडातच तयार होऊन मुरलेली, पण मोठ्या पिंपांतून आणून इथं बाटलीत भरलेली. ही अस्सल स्कॉचच. लेबलवर स्पष्ट 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' आणि भारतात भरल्याची नोंद असते. तिसरी, तिकडेच बाटलीबंद झालेली. दुसरी आणि तिसरीत भावाचा मोठा फरक पडतो, कारण वर्षानुवर्षं आयात शुल्क दीडशे टक्के. दीडशे टक्के पिंपातल्या मालाच्या किमतीवर लागले तर कमी, आणि सजवलेल्या बाटलीच्या किमतीवर लागले तर बक्कळ. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं स्वतःचं उत्पादन शुल्क तीनशेवरून दीडशे टक्के केलं, तेव्हा भाव खूप उतरले. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात आयात शुल्क आधी पंचाहत्तर आणि पुढे दहाव्या वर्षी चाळीस टक्क्यांवर आणायचं ठरलंय. घाई कशाला आहे? २०२२ मध्ये बाटल्यांच्या संख्येत भारतानं फ्रान्सलाही मागे टाकलं आणि स्कॉचचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक झाला. तेव्हा ही घाई तिकडच्यांनाच जास्त असणार.

भावोजींच्या कसोटीला उतरली ती दुसऱ्या जातीतली 'टीचर्स हायलँड क्रीम'. मघाचाच तो किराणावाला विल्यम टीचर. त्याच्या मुलानं, ॲडमनं, १८९८ मध्ये या मिश्रणासाठीच आर्डमोर नावाचा कारखाना बांधला. तो बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे, पण तिथंही जव पीटच्या धुरावर वाळवलेला वापरतात. म्हणून या बाटलीत धूर लपत नाही. लफ्रॉइगसारखा दवाखान्याच्या वासाचा उग्र नाही, मवाळ आहे, पण आहे. 'ब्लॅक अँड व्हाइट', 'व्हॅट ६९', 'हंड्रेड पायपर्स' याही इथं भरल्या जाणाऱ्या स्कॉच, पण त्यांचा धूर हलका. जॉनी वॉकरच्या ब्लॅक लेबलमध्ये कूल ईलाचा धूर चांगला जाणवतो, पण ती बारा वर्षांची आणि आमच्या बजेटाच्या बाहेर. कुणी परदेशातून येणार असेल तर मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. तेव्हा तीच मागवा, असं मी भावोजींना सुचवून ठेवलंय.

घरी बाटली उघडल्यावर मी वास घेतला, फक्त वास. पावसाळ्यात आजीच्या माजघरात यायचा तसा. ओली चूल, विझलेलं लाकूड, वर थोडा मध. सासूबाईंनाही दिली हुंगायला. म्हणाल्या, "यात काय एवढं? पडवीत बसलं की येतोच."

हिशेबाची एक गोष्ट मात्र मी भावोजींना पेल्याआधीच ऐकवली. इथं भरलेल्या स्कॉचमध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के, आणि शेजारच्या फळीवरच्या चौथाई किमतीच्या भारतीय व्हिस्कीतही तेवढंच. महाग घेतली म्हणून यकृताला सवलत मिळत नाही. पाऊण लिटरच्या बाटलीत साठ मिलीचे बारा पेग. अडीच हजार धरले तर पेगला दोनशेच्या वर पडतात. ज्या घरात वर्षाला दोन बाटल्या येतात तिथं हा हौसेचा हिशेब. ज्या घरात रोज चपटी येते तिथं स्कॉच काय आणि देशी काय, त्या घरच्या बाईनं मला फोन करावा, तिथं धुराचं बोलणं नको. आणि स्वस्ताच्या मागे लागून सुट्टी, बिनलेबलची, 'मिलिटरीतून आलीय' असली बाटली कुणी आणली तर ती सरळ मोरीत ओता. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल आधी डोळे घेतं, मग जीव.

राहता राहिली रिकामी बाटली, आणि ती आपल्याच हातात असते. स्कॉचची रिकामी बाटली, झाकण आणि खोक्यासह, भंगारवाला इतर बाटल्यांपेक्षा जास्त भावानं मागतो. का मागतो, याचा विचार करा. तीच बाटली भलताच माल भरून पुन्हा बाजारात येते. म्हणून झाकण वाकवायचं, लेबल पाण्यात भिजवून खरवडायचं, खोकं फाडायचं आणि मगच भंगारात द्यायची. दोन रुपये कमी मिळतील. आमच्याकडची बाटली अजून अर्धी आहे, पण भंगारवाला आत्ताच दोनदा विचारून गेलाय.